रॉजरला माफी नाही

‘द आऊल सर्व्हिस’ वाचलेल्या माणसाला त्या कादंबरीबद्दल विचारून पाहा. घुबडं, शाप, वेल्सच्या जुन्या कथा हे सगळं तो सांगेल, पण सावकाश. आधी तो रॉजरवर घसरेल. रॉजर हा कादंबरीतला एक इंग्रज मुलगा. आळशी, थोडा चेष्टेखोर, पैसेवाल्या बापाचा. तीनशेही पानं नसलेल्या पुस्तकात तो बराच वेळ नकोसा वाटतो आणि शेवटच्या दीड-दोन पानांत सगळ्यांना वाचवतो. हे त्याला का करू दिलं, यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाचक भांडत आहेत.

संपादकांनी यंदाचा विषय दिला होता ‘पुराणं आणि आपण’. पुराणं लिहिणाऱ्यांवर, त्यांचे अर्थ लावणाऱ्यांवर आपल्याकडे रग्गड लिहून झालंय. मला वाचणाऱ्यांकडे जायचं होतं, आणि तेही आपल्या पुराणांच्या नव्हे. माझी मामेबहीण बरीच वर्षं इंग्लंडच्या सीमेवरच्या श्रूजबरीत राहते. तिथून निघणारी आगगाडी तासाभराहून थोड्या जास्त वेळात डोंगर ओलांडून वेल्समध्ये माखन्लेथला पोचते. त्या भागातल्या एका लहान वाचनालयात महिन्यातून एकदा वाचकांचा गट जमतो आणि त्या महिन्याचं पुस्तक अॅलन गार्नरचं ‘द आऊल सर्व्हिस’ आहे, हे बहिणीनेच शोधून काढलं. तिची मुलगी सोळा वर्षांची. तिने हे पुस्तक आधीच वाचलं होतं आणि तिचं मत गाडीतच सांगून टाकलं होतं: “मावशी, रॉजरला माफी नाही.”

फुलांपासून केलेली बायको

भांडण समजायचं तर आधी जुनी गोष्ट हवी. वेल्श भाषेतल्या मध्ययुगीन कथांचा जो संग्रह ‘मॅबिनॉगिऑन’ नावाने ओळखला जातो, त्यातल्या चार मुख्य शाखांपैकी चौथीत ती येते. चौदाव्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांमुळे ती आपल्यापर्यंत पोचली. एक अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, दुसरं ऑक्सफर्डला. शार्लट गेस्ट या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांचं इंग्रजी केलं आणि वेल्सबाहेरच्या जगाला या कथा कळल्या.

ल्लाय नावाच्या तरुणाला त्याच्या आईचाच शाप आहे: मनुष्यवंशातली बायको तुला मिळणार नाही. मग माथ आणि ग्विदयॉन हे दोन मांत्रिक ओकची, ब्रूमची आणि मेडोस्वीटची फुलं घेतात आणि त्यांतून एक बाई घडवतात. ती ब्लोदाय्वेद. तिचं ल्लायशी लग्न लावून देतात. तिला कोणी काही विचारत नाही. पुढे नवरा घरी नसताना ग्रोनू नावाचा एक सरदार शिकारीहून परतताना दारात येतो, आणि दोघं प्रेमात पडतात.

ल्लायला मारणं मात्र सोपं नाही. घरात मरण नाही, बाहेर नाही. घोड्यावर नाही, जमिनीवर नाही. हिरण्यकशिपूच्या वरदानाची आठवण होणारच. फरक असा की इथे युक्ती नरसिंहाला नाही, बायकोला शोधावी लागते. नदीकाठी छप्पर घातलेलं न्हाणीचं घंगाळ, एक पाय त्याच्या काठावर, दुसरा बोकडाच्या पाठीवर, आणि वर्षभर फक्त रविवारच्या प्रार्थनेच्या वेळात घडवलेला भाला. “पण असं उभं राहायचं तरी कसं, दाखवा ना,” असं ब्लोदाय्वेद काळजीने विचारते आणि ल्लाय खरोखर उभा राहून दाखवतो. भाला बसतो. तो गरुड होऊन उडून जातो. ग्विदयॉन त्याला शोधून पुन्हा माणसात आणतो. मग ग्रोनूची पाळी. तो मधे एक दगडाची शिळा धरू द्या म्हणतो. ल्लाय हो म्हणतो, आणि त्याचा भाला शिळेतून आरपार जाऊन ग्रोनूला लागतो. ब्लोदाय्वेदला मारत नाहीत. तिला घुबड करतात, दिवसा तोंड न दाखवता येणारं, इतर पाखरांनी टोचायचं.

वेल्समधल्या शाळांमध्ये ही गोष्ट मुलांच्या कानावरून जाते. सॉन्डर्स लुइस या वेल्श नाटककाराने तिच्यावर नाटक लिहिलं, अलीकडे ग्विनेथ लुइस या कवयित्रीने 2010 साली ती थेट अंतराळयुगात नेली. एव्हँजेलिन वॉल्टन या अमेरिकन लेखिकेने तर 1936 मध्येच या शाखेची घसघशीत कादंबरी केली होती. गार्नरने यांच्यासारखं काही केलं नाही. त्याने गोष्ट पुन्हा सांगितलीच नाही. ती गोष्ट एका खोऱ्यात साठून राहिली आहे आणि दर पिढीत तीन माणसं सापडली की पुन्हा घडते, एवढं धरून त्याने आपल्या काळातली तीन मुलं तिथे सुट्टीला पाठवली.

ताटांवरची नक्षी

अॅलिसन, तिचा सावत्र भाऊ रॉजर आणि घर सांभाळायला आलेल्या नॅन्सीचा मुलगा ग्विन. अॅलिसन आजारी म्हणून पडून आहे. छतात कुणीतरी नखं घासल्यासारखा आवाज येतो. ग्विन माळ्यावर चढतो, तर तिथे धुळीने माखलेल्या ताटल्यांची चळत. काठावर फुलांची नक्षी आहे, पण नीट पाहिलं तर ती घुबडं दिसतात. अॅलिसन पातळ कागद ठेवून नक्षी गिरवते, कापते, दुमडून कागदी घुबडं करते. एक घुबड झालं की त्या ताटलीवरची नक्षी गायब. ताटली पांढरीफटक.

या ताटल्या खऱ्या आहेत. गार्नरची पुढे पत्नी झालेल्या ग्रिझेल्डाच्या आईकडे तसा डिनर सेट होता. फुलांतली घुबडं पहिल्यांदा ग्रिझेल्डाला दिसली आणि कागदी घुबडंही तिनेच आधी केली. गार्नरला ब्लोदाय्वेदची गोष्ट माहीत होती, पण नुसती माहीत असून कादंबरी होत नाही. ताटल्या आल्या आणि मग तो राहायला गेला वेल्समधल्या लानामाउद्वीच्या खोऱ्यातल्या ब्रिन हॉल या घरी. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने त्याला खोऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. गोष्ट, ताट आणि जागा असं तिन्ही जमलं. कॉलिन्सने 1967 साली पुस्तक काढलं. त्याला कार्नेगी पदक मिळालं, पुढच्या वर्षी गार्डियनचं बालसाहित्याचं पारितोषिकही मिळालं. दोन्ही मिळवणारं हे पहिलं पुस्तक.

बक्षिसं मिळाली ती मुलांचं पुस्तक म्हणून, आणि वाचकांची पहिली तक्रार तिथेच सुरू होते. वाचनालयात चहा ओतून होत होता तेव्हाच एका तरुण गृहस्थांनी आपली कैफियत मांडली. लहानपणी लॉइड अलेक्झांडरची प्रिडेनची पुस्तकं त्यांनी जीव टाकून वाचली होती. तीही वेल्श कथांवरची, पण त्यांत तलवारी आहेत, भविष्य सांगणारं डुक्कर आहे, चांगले आणि वाईट वेगळे ओळखू येतात. त्याच ओढीने हे उघडलं तर आत काय? जिन्यात उभं राहून भांडणारी माणसं. कोण बोलतंय तेही धड कळत नाही.

हे खरं आहे. गार्नर संवादावर संवाद टाकत जातो. ‘तो रागाने म्हणाला’ वगैरे मदत करत नाही. अॅलिसनची आई मार्गारेट हिच्या मर्जीवर सगळं घर चालतं, पण ती एकदाही वाचकासमोर येत नाही. तिची डोकेदुखी, तिची नाराजी, तिने काय सांगितलं, हे सगळं इतरांच्या तोंडून. मला विचाराल तर घरातली सत्ता दाखवण्याची इतकी नेमकी युक्ती मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही क्वचित सापडते. पण एवढं गाळल्यावर वाचकाला पुष्कळ भरावं लागतं, आणि प्रत्येकजण आपल्याकडचं भरतो. म्हणून तर या पुस्तकाबद्दल दोन वाचकांची मतं जुळत नाहीत.

खोऱ्यात

दुसऱ्या दिवशी आम्ही खोऱ्यात गेलो. दिनास माउद्वीपासून एक अरुंद रस्ता दवी नदीच्या कडेने वर जातो. दोन्ही बाजूंना हिरवे, अंगावर येणारे उतार, त्यांवर मेंढ्या, दगडी बांध. लानामाउद्वी म्हणजे एक चर्च आणि थोडी घरं. गार्नर राहिला ते ब्रिन हॉल खाजगी आहे, त्यामुळे आम्ही फाटकापाशी रेंगाळलो नाही. रस्ता पुढे चढत बुल्ख अ ग्रोइस या खिंडीत जातो. ही खिंड 545 मीटरवर आहे आणि चढ असा की गाडी पहिल्या गिअरमध्येच राहते.

भाल्याने आरपार भोक पडलेली ती शिळा इथे नाही. मूळ कथेतली ही जागा बरीच उत्तरेला, फेस्तिनिओगजवळ केनवाल नदीकाठी, आणि ल्लाय-ब्लोदाय्वेदचा वाडा जिथे मानतात ते तोमेन अ मीर हे रोमन ठाणं त्राव्सवनिथच्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्रासमोर. गार्नरने शिळा उचलून आपल्या खोऱ्यात आणून ठेवली. काही वेल्श वाचकांना हेही आवडत नाही, पण ही तक्रार मला किरकोळ वाटते.

खिंडीतून मात्र दुसरं काही दिसायला लागतं. एका बाजूचा उतार व्हर्नवी तलावाकडे जातो. तलाव म्हणजे लिव्हरपूलला पाणी द्यायला 1880 च्या दशकात बांधलेलं धरण. त्याखाली लानवदिन गाव गेलं. आणखी उत्तरेला, बालाच्या पलीकडे, त्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन. तेही लिव्हरपूलच्याच पाण्यासाठी 1965 साली बुडवलं. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध होता, तरी संसदेत कायदा झाला. ‘त्रवेरिन विसरू नका’ हे अॅबरिस्टविथजवळच्या एका पडक्या भिंतीवरचं रंगवलेलं वाक्य आजही लोक पुन्हा पुन्हा रंगवतात.

कादंबरीत ग्विन एकदा अॅलिसनला समजावतो की हे खोरं म्हणजे शक्तीचा साठा आहे, डोंगरांनी अडवलेला. तो भरत जातो आणि मग धरण सोडावं तसा कुणावर तरी सोडावा लागतो. पुण्यात खुर्चीत बसून वाचताना मी ही उपमा सहज ओलांडून गेले होते. कापेल केलिन बुडून दोन वर्षं झाली असताना, डोंगरापलीकडे राहणाऱ्या माणसाने ती कशी वाचली असेल? गटातल्या निवृत्त शिक्षिका पुस्तक आलं तेव्हा विशीत होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही ते धरण म्हणूनच वाचलं. जादू नंतर.

ग्विनचं इंग्रजी

या शिक्षिकाबाई वेल्शभाषक. त्यांच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या इतक्या खुणा होत्या की काही पानांवर छापलेलं कमी आणि लिहिलेलं जास्त. त्यांचा आक्षेप थेट आहे. ग्विन हुशार, ग्रामर स्कूलमध्ये जाणारा. आई त्याला वेल्श बोलू देत नाही, आणि इंग्रज पाहुण्यांत मिसळलास तर शाळा सोडवून को-ऑप दुकानाच्या काउंटरवर उभा करीन म्हणून धमकावते. इंग्रजी उच्चार सुधारायला त्याने ग्रामोफोनच्या तबकड्या घेतल्यात आणि हे गुपित त्याने विश्वासाने एकट्या अॅलिसनला सांगितलंय. ती ते रॉजरला सांगते. रॉजर त्यावरून त्याची टर उडवतो.

मग वादळाची रात्र. अॅलिसनच्या अंगावर न दिसणाऱ्या नखांचे ओरखडे उमटतायत, खोलीत पिसं उडतायत. ह्यू हा खोऱ्यातला जुना माणूस, ग्विनचा बाप निघालेला. तो ग्विनला विनवतो की तिला धीर दे, तूच देऊ शकतोस. ग्विन देत नाही. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा रॉजर आधी ग्विनची माफी मागतो आणि मग अॅलिसनला समजावत राहतो की ती घुबडं नाहीत, फुलं आहेत, नीट बघ. पिसांच्या पाकळ्या होतात. पुस्तक संपतं.

“म्हणजे किल्ली आमच्या मुलाच्या हातात होती,” बाई म्हणाल्या, “आणि ती काढून घेऊन पाहुण्याला दिली. वर आमचा मुलगा तोंड पाडून कोपऱ्यात.”

बर्मिंगहॅमहून निवृत्त होऊन इथे स्थायिक झालेले एक गृहस्थ समोर बसले होते. त्यांना हे बिलकूल मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, ग्विनला संधी दिली होती. शंभर पिढ्यांचा राग धरून बसलेल्या गोष्टीत जो पहिला माफी मागेल तोच ती सोडवणार. रॉजर सबंध पुस्तकात एकच चांगली गोष्ट करतो आणि ती नेमक्या वेळी करतो.

एका डेअरीत काम करणारी मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, तुम्ही दोघंही कोणत्या मुलाने काय करायला हवं होतं यावर भांडताय. ब्लोदाय्वेदला फुलांतून काढलं तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, आणि अॅलिसन शेवटी अंथरुणात पडून, कोणता मुलगा चांगलं बोलतो याची वाट पाहतेय. गार्नरला बाई दिसते, पण तिला बोलू द्यायचं त्याला सुचत नाही. यावर कुणाकडेच फारसं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, अॅलिसन हा या कादंबरीतला खरा कच्चा दुवा आहे.

ग्विनबद्दल मात्र मला बाईंपेक्षा वेगळं वाटतं. गार्नर इंग्रज आहे म्हणून त्याने इंग्रज मुलाला जिंकवलं, हा हिशेब जरा सोपा होतो. तो चेशरमधल्या कारागिरांच्या घराण्यातला. लहानपणी शाळेत घरची बोली बोलला म्हणून बाईंनी त्याचं तोंड साबणाने धुतलं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. पुढे मँचेस्टर ग्रामर स्कूल, मग ऑक्सफर्ड. तिथून पदवी न घेताच परतला. शिक्षणाने आपल्याला घरच्यांपासून तोडलं, ही सल त्याच्या लिखाणात सतत आहे. म्हणजे त्या तबकड्या कुणाच्या आहेत हे दिसतंच. या कादंबरीसाठी तो वेल्श शिकला, ते संवादांत वेल्शची फोडणी घालण्याचा मोह टाळता यावा म्हणून. तिघांत त्याला आतून माहीत असलेला मुलगा ग्विनच आहे. ज्याची नुकतीच लाज काढली गेलीय तो मुलगा अर्ध्या तासात उदार होत नाही, हेही त्याला माहीत होतं, आणि ते त्याने खोटं केलं नाही. माझी तक्रार रॉजरच्या वाट्याबद्दल आहे. ग्विनच्या अपमानाला पानंच्या पानं मिळतात. रॉजरचं बदलणं मात्र चार वाक्यांत उरकतं.

तीन तारा

बर्मिंगहॅमचे गृहस्थ आयुष्यभर वायरमन होते, हे मला चहाच्या दुसऱ्या कपाला कळलं. त्यांचा शेवटाचा सगळा पक्ष पुस्तकावर उभा नसून टीव्हीवर उभा होता. ग्रॅनडाने या कादंबरीची आठ भागांची मालिका केली. ती 1969 च्या डिसेंबरात सुरू झाली. संहिता गार्नरचीच, दिग्दर्शन पीटर प्लमरचं, चित्रण याच डोंगरांत. मालिकेत अॅलिसन लाल कपड्यांत, ग्विन काळ्या, रॉजर हिरव्या. त्या काळच्या ब्रिटिश वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मुद्दाम केलेली योजना. पण तंत्रज्ञांचा तंटा चालू असल्याने मालिका पहिल्यांदा कृष्णधवलच दाखवली गेली आणि रंग लोकांना दिसले ते 1978 च्या पुनःप्रक्षेपणात.

वायरमननी ते 1978 मध्ये पाहिलं, आणि हिरवा शर्ट पाहिल्याबरोबर शेवट पटला. साठलेला करंट कुठेतरी जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगची तार हुशार असावी लागत नाही, देखणी असावी लागत नाही. ती जोडलेली असली की झालं.

हे मला इतकं आवडलं की मी वहीत रेघ मारून लिहून घेतलं. रॉजरचं मन बदलल्याचं मला पटत नव्हतं. पण इथे मन बदलण्याचा प्रश्नच नाही. शिक्षिकाबाईंनी शांतपणे चष्मा पुसला आणि विचारलं, “मग घर कुणाच्या नावावर आहे?”

घर अॅलिसनच्या नावावर आहे.

को-ऑपचा काउंटर

भाचीने तोवर गटात तोंड उघडलं नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं: ग्विन शाळेत परत गेला का? पुस्तकात नॅन्सी वादळात पायीच निघून जाते. तिला आता तो खोऱ्यात नको, घरात नको, आणि शाळेचं पुढे काय हे कोणी बोलत नाही. ह्यू त्याला सांगतो की तू या खोऱ्याचा वारस आहेस, माझ्यानंतर तू. बस्स. भाचीचं इंग्रजी पक्कं श्रूजबरीचं. पण तिची आई फोनवर बँकेशी बोलताना आवाज बदलते, हे ती लहानपणापासून ऐकत आलीय. तबकड्यांचं पान तिने दोनदा वाचलं, असं ती परतीच्या गाडीत मला म्हणाली. गटात तिने तेवढा एकच प्रश्न विचारला.

बाईंनी त्याला शिक्षिकेसारखंच उत्तर दिलं. असा मुलगा त्या वर्षांत काय करू शकत होता, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आई गेली म्हणजे ती दोघं राहायची ती अॅबरिस्टविथची खोली गेली. परीक्षेला अजून दोन वर्षं. ग्रामर स्कूलची फी नाही, पण राहायचं कुठे, जेवायचं काय? ह्यूची झोपडी त्या घराच्या आवारात, म्हणजे अॅलिसनच्या मालकीच्या जागेत. ह्यूचा पगार अॅलिसनच्या घरून. “दंतकथेत तो खोऱ्याचा राजा असेल. सोमवारी सकाळी त्याला अॅलिसनच्या आईकडे माळीकाम मागायला जावं लागेल.”

वायरमन म्हणाले, आणि ती देणार नाही. यावर प्रथमच दोघांचं एकमत झालं. मग कोणीतरी म्हणालं, आज ते घर असतं तर दुसरं घर म्हणून त्यावर कौन्सिल टॅक्स किती बसला असता? ग्विनेद कौन्सिलने 2023 च्या एप्रिलपासून अशा घरांवर दीडशे टक्के अधिभार लावलाय. म्हणजे नेहमीच्या अडीचपट, वायरमननी हिशेब केला. डेअरीतल्या मुलीने सांगितलं की तिच्या गल्लीतली चार घरं हिवाळाभर अंधारात असतात आणि ती स्वतः अजून आई-वडिलांकडेच राहते. रॉजर, ग्विन आणि घुबडं बाजूला पडली, कप विसळले गेले, आणि वाचनालय बंद करायला आलेल्या बाईही खुर्ची ओढून त्या वादात बसल्या.